साठ किलोच्या आतलं नाव

लग्नाच्या दिवशी नवऱ्यानं परातीतल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सगळे वाकून वाकून बघत होते आणि मला ते उलटं दिसत होतं, कारण मी समोर बसले होते. नाव सासूबाईंनी निवडलं होतं. तसं चांगलंच होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त ते माझं नव्हतं. गंजाडला, माहेरच्या घरात, शाळेत, बांधावर ज्या हाकेला मी जन्मापासून ओ देत आले ती हाक त्या दुपारी बंद झाली. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि आम्ही सगळे जेवलो.

सासर डहाणूच्या किनाऱ्याकडचं. थोडी चिकूची झाडं, थोडं भात, आणि मुख्य म्हणजे ढोबळी मिरची. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे लगेच सासूला सुळावर चढवतात. पण फाटकावर सासऱ्यांचं नाव, टेम्पोच्या पाठीवर नवऱ्याचं, पंपघरावर आजेसासऱ्यांचं, आणि विजेचं बिल त्यांच्याही वडिलांच्या नावानं यायचं. मेलेल्या माणसांची नावं त्या घरात जिवंत होती आणि मी जिवंत असून माझं गेलं होतं. याचा मला राग यायचा. सांगणार कोणाला? सगळ्यांच्याच बायकांची नावं बदललेली. सासूबाईंचं माहेरचं नाव काय, हे सासऱ्यांनाही आठवून सांगावं लागलं असतं.

शाळेत असताना मी बॉक्सिंग खेळायचे. कोसबाडच्या टेकडीखाली राहणारे, सैन्यातून निवृत्त झालेले एक सर होते. गावोगावच्या पोरापोरींना गोळा करून चिंचेखाली शिकवायचे. लग्न झालं आणि ते सुटलं. मग दोन वर्षांनी डहाणूच्या बाजारात मी मिरचीचं खोकं खांद्यावर घेऊन चालले असताना मागून कोणीतरी माझ्या जुन्या नावानं हाक मारली. मी इतकी दचकले की खोकं पडता पडता वाचलं. सर होते.

"खांदा अजून आहे," ते म्हणाले. "डोकं आहे का?"

ते साल २०१४. ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि ज्याला त्याला काहीतरी नवं सुरू करायची हौस आली होती. त्या हौसेतच डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांची बॉक्सिंगची स्पर्धा ठरली, दर वर्षी डिसेंबरात, एक वर्ष इथे आणि एक वर्ष तिथे. सरांना बायकांच्या गटात नावं हवी होती. साठ किलोपर्यंतच्या, म्हणजे लाइटवेट गटात, त्यांच्याकडे एकही नव्हती.

घरी मी विचारलं तेव्हा नवरा ताटाकडे बघत राहिला. तो भांडणाच्या वेळी नेहमी ताटाकडे बघतो. सासरे म्हणाले, "सूनबाई, मिरचीच्या दिवसांत?" त्यांचा आक्षेप तेवढाच. सासूबाईंनी मात्र नीट चौकशी केली. कपडे कसले घालतात, दात पडतात का, आणि समोर पुरुष असतो की बाई. बाई असते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग काय? बाईला बाईनं मारलेलं आपल्याकडे कोणाला खटकतं?" आणि भाकरी उलटली.

पहिल्या वर्षी गटात आम्ही तिघी होतो आणि त्यातली एक आयत्या वेळी आलीच नाही. असं जिंकण्यात काय मोठं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. उरलेली माझ्यापेक्षा वीतभर उंच होती आणि मी तिला दुसऱ्या फेरीत दोरखंडाला टेकवली. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सरांकडे माझा शाळेचा दाखला होता, त्यामुळे माइकवर माझं जुनं नाव पुकारलं गेलं. डोक्यावरच्या जाड टोपात माझा चेहरा अर्धा झाकलेला, त्यात ते नाव ऐकून सासूबाईंनी शेजारणीला विचारलं, "ही कोण जिंकली? आपली कधी येणार?" मी रिंगमध्ये हात वर करून उभी, आणि त्या माझी वाट बघतायत.

बक्षीस म्हणून ढाल मिळाली. लाकडाची, मध्ये पितळेच्या दोन मुठी, आणि कडेनं छोट्या छोट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर त्या वर्षीच्या विजेतीचं नाव कोरायचं. ढाल फिरती. म्हणजे वर्षभर आपल्या घरी ठेवायची आणि पुढच्या स्पर्धेआधी पुसूनबिसून परत करायची. जी सलग पाच वर्षं जिंकेल तिला मात्र ती कायमची. सासऱ्यांनी ओटीवरच्या भिंतीत खिळा ठोकून ती टांगली. पट्टीवर माझं नाव होतं, माझं खरं नाव. त्या घरात माझं नाव असलेली ती एकमेव वस्तू होती आणि तीही उसनी.

त्या दिवशी मी ठरवलं की ही ढाल मी परत जाऊ देणार नाही. पदक, फोटो, पेपरात बातमी, यांतलं काही मला नको होतं. मला त्या भिंतीवर माझं नाव हवं होतं, कोणी परत मागायला येणार नाही असं.

पुढची तीन वर्षं मी जिंकत गेले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पहाटे किनाऱ्यावर पळायचं, ओल्या वाळूत, म्हणजे पोटऱ्या तयार होतात. मग स्वयंपाक, मग मिरची, आणि संध्याकाळी सरांकडे. दुसऱ्या वर्षी नाकातून रक्त आलं तरी जिंकले. तिसऱ्या वर्षी रानशेतच्या एका पोरीनं मला अशी हाणली की दोन दिवस घास चावता येईना, पण पंचांनी हात माझाच वर केला. गावात लोक आधी हसायचे. मग त्यांनी हसायचं थांबवलं, आणि मग त्यांच्या पोरींना माझ्याकडे पाठवायला लागले. दर नोव्हेंबरात ढाल परत द्यायची वेळ आली की सासूबाईंचा जीव खालीवर व्हायचा. रिकाम्या खिळ्याकडे बघून त्या म्हणायच्या, "भिंत कशी बोडकी दिसते." शेवटी तिथे त्यांनी कॅलेंडर लावलं, पण मी जिंकून आले की सगळ्यात आधी ते काढायच्या.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरची. मिरची तोडायला आमच्या शेतावर मजुरीनं येणाऱ्या बायकांमध्ये होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. एकदा मी गोदामाच्या मागे पोत्यावर सराव करत होते तर ती बघत उभी राहिली. म्हटलं, मारून बघ. तिनं डाव्या हातानं असा ठोसा मारला की पोतं दोरीसकट खाली. मी तिला तशीच सरांकडे घेऊन गेले. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तू आपल्या हातानं आपला खड्डा खणते आहेस."

खणला. दुसरं करणार काय? माझ्या तोडीची सरावाला कोणी नव्हती. दिवसभर बांधावर ती मला बाय म्हणायची. संध्याकाळी ग्लोव्ह्ज चढवले की काहीच म्हणायची नाही, फक्त डावा हात यायचा. मालकाच्या सुनेला मारताना हात जड होतो का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाय बाय, हलका होतो." आम्ही दोघी खूप हसलो, पण ती खरं बोलत होती हे मला कळलं होतं. चौथ्या वर्षीच्या अंतिम लढतीत समोर तीच होती. मी जिंकले, जेमतेम.

पाचव्या वर्षी, म्हणजे २०१८ला, साठ किलोच्या गटात आम्ही दोघीच उरलो. बाकीच्या पोरी शहाण्या निघाल्या आणि खालच्या नाहीतर वरच्या गटात पळाल्या. स्पर्धा तलासरीला होती. एकच लढत. जिंकले तर ढाल घरी कायमची, हरले तर पाच वर्षांचं गणित पुन्हा पहिल्यापासून, आणि माझी तिशी उलटलेली.

त्या वर्षी वजन हा नवा शत्रू आला. आधीची वर्षं मी अठ्ठावन्नच्या आसपास असायचे, त्यामुळे काट्यावर चढले काय आणि न चढले काय. पण आता अंग भरलं होतं. तिचंही सरावानं भरलं होतं. सरांकडचा काटा छोटा, स्प्रिंग गेलेला, तो कधी माणसाला पोरगं ठरवायचा तर कधी म्हैस. त्यात मिरचीचा हंगाम ऐन भरात, डहाणूला जायला सवड नाही. मग आम्ही दोघी रोज संध्याकाळी आमच्या गोदामातल्या काट्यावर चढायला लागलो. लोखंडी, फळीचा, वर दांडीवर वजन सरकवायचा जुना काटा. त्यावरच सगळी खोकी भरली जायची. आधी ती चढायची, मग मी. भाकरी अर्धी केली, भात सोडला, सासूबाई ताट वाढताना माझ्याकडे बघून उसासे टाकायच्या. आदल्या संध्याकाळी दांडी बरोबर साठवर स्थिर राहिली. तिचीही साठ, माझीही साठ. सासरे तिथेच सुतळीनं खोकी बांधत बसले होते. त्यांनी वर बघितलं, मान डोलावली आणि परत सुतळीत डोकं घातलं.

सकाळी तलासरीच्या मैदानावर वजन होतं. टेम्पो पुढे वापीला माल घेऊन जाणार होता, म्हणून आम्ही सगळे त्यातच बसून गेलो. सासरे पुढे, आम्ही दोघी, सासूबाई आणि मिरची मागे. स्पर्धेच्या काट्यावर मी चढले. आकडे लाल रंगात नाचले आणि थांबले. मी पाऊण किलोनं जास्त होते.

उतरून पुन्हा चढले. तेवढंच. मग ती चढली. तीही पाऊण किलोनं जास्त. वजन घेणाऱ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "दोघींचं सारखंच जास्त कसं? काटा बिघडलाय म्हणाल तर आधीच्या सगळ्या मुलींचं बरोबर आलंय." मग त्यांनी नियम सांगितला. दहा वाजेपर्यंत वजन उतरलं तर ठीक, नाहीतर दोघी बाद. यंदा या गटाची लढतच होणार नाही आणि ढाल स्पर्धेवाल्यांकडे राहील.

 ती माझा दंड धरून म्हणाली, "बाय, आपला काटा खोटा हाय का?"

सासरे मागे उभे होते. उन्हात सबंध आयुष्य काढलेला माणूस एका क्षणात पांढरा पडला. "खोटा नाही," ते म्हणाले. "मी नट बांधलाय."

दांडीच्या टोकाला तारेनं बांधलेला एक लोखंडी नट आम्ही सगळ्यांनी रोज बघितला होता. मला वाटायचं तो काट्याचाच भाग आहे. तो सासऱ्यांनी कित्येक वर्षांपूर्वी स्वतः बांधला होता. मिरची मुंबईकडे वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत वाटेत सुकते, वजन घटतं, आणि मग व्यापारी म्हणतो माल कमी भरला. असं एकदा कोणीतरी त्यांना चारचौघांत म्हणालं होतं. ते त्यांना इतकं झोंबलं की त्यांनी काटाच असा करून ठेवला की तो दाखवेल त्यापेक्षा खोक्यात माल थोडा जास्तच जावा. जगात लोक काट्यात गडबड करतात ती दुसऱ्याला कमी द्यायला. आमच्या घरचा काटा चुकत होता तो जास्त द्यायला. आणि त्या चुकीच्या खोक्यात आम्ही दोघी सापडलो होतो.

सासूबाईंनी तिथल्या तिथे त्यांना जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.  सासरे टेम्पोकडे गेले आणि मिरचीच्या वाफ्यांवर अंथरायचा काळा प्लास्टिकचा कागद होता, त्याचं उरलेलं भेंडोळं घेऊन आले. कोयत्यानं दोन तुकडे केले. "याच्याखाली जमीन किती तापते ते मला माहीत आहे," म्हणाले. "गुंडाळा आणि पळा."

तर त्या दिवशी तलासरीच्या मैदानावर लोकांनी पाहिलं ते असं. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, वरून सुतळीनं आवळलेल्या दोन बाया गोल गोल पळतायत, आणि संध्याकाळी त्याच दोघी एकमेकींना मारणार आहेत. पोरं टाळ्या वाजवत होती. कोणीतरी ओरडलं, "पार्सल आलं, पार्सल!" मला हसू फुटलं आणि हसताना धाप लागली. ती पुढे, मी मागे. मी हळू झाले की ती मागे वळून ओरडायची, "चल ना बाय!" ती हळू झाली की मी तिला ढोसायचे. एक बाद झाली तर दुसरी न लढता जिंकेल, हे दोघींनाही ठाऊक होतं. ती पायाला गोळा आल्याचं नाटक करू शकली असती आणि मला थांबवू शकली असती. मीही करू शकले असते. दोघींच्याही मनात तो विचार येऊन गेला असणार, आम्ही काही देवळातल्या मूर्ती नव्हतो. पण मला न लढता भिंतीवर चढायचं नव्हतं, आणि तिला मला हरवायचंच होतं, तेही माझ्या डोळ्यांत बघून. सासरे मैदानाच्या कडेला, हातात दोन टॉवेल घेऊन, आम्ही समोरून गेलो की प्रत्येक वेळी उठून उभे राहत होते.

दहाला थोडा वेळ असताना कागद फाडून काढला. आतून पाणी निथळलं. काट्यावर चढले. साठच्या आत, केसभर. तीही आत. वजन घेणाऱ्या बाई इतका वेळ कडक होत्या, त्याही हसल्या.

दिवसभर मीठ-साखरेचं पाणी आणि सासूबाईंची पेज पोटात गेली. पेज त्यांनी एकाच डब्यातून दोघींना वाढली. आपल्या सुनेच्या प्रतिस्पर्ध्याला वाढताना त्यांचा हात जराही आखडला नाही. फक्त तिला म्हणाल्या, "नाकावर मारू नको हं, पुढल्या महिन्यात आमच्याकडे लग्न आहे."

संध्याकाळी दिवे लागले. माइकवर माझं नाव पुकारलं, तेच दाखल्यावरचं. मी निळ्या कोपऱ्यातून उठले तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. पहिली फेरी तिची. तिचा डावा हात मला पाठ होता, पण पाठ असणं वेगळं आणि तो गालावर येणं वेगळं. दुसऱ्या फेरीत मी आत शिरले, जवळून पोटावर मारत राहिले, ती मागे सरकली. बरोबरी. कोपऱ्यात सरांनी तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "डोकं आहे का?"

तिसऱ्या फेरीत मला एक गोष्ट दिसली. ती दमली की डावा मारण्याआधी उजवा खांदा किंचित टाकायची. दिवसभर मिरचीची पाटी त्याच खांद्यावर असायची तिच्या, मी चार वर्षं बांधावर तेच बघत आले होते. खांदा पडला. मी डावीकडे झुकले, तिचा ठोसा कानाजवळून गेला, आणि माझा उजवा बरोबर बसला. मग आणखी एक. सासूबाई घरच्या नावानं ओरडत होत्या, बाकी सगळं मैदान माइकवरच्या नावानं, आणि मी दोन्ही नावांनी मारत होते. घंटा झाली तेव्हा आम्ही एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या होतो, नाहीतर दोघी पडलो असतो.

पंचांनी माझा हात वर केला. पाचव्यांदा. मी रडले, अगदी भोकाड पसरून, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही. ती माझ्या पाठीवर थोपटत कानाशी म्हणाली, "पुढच्या वर्षी नवी ढाल बनल ना? ती माझी."

पुढच्या वर्षी, २०१९ला, खरंच नवी ढाल आली आणि ती तिनं नेली. मी उतरलेच नाही. मी तिच्या कोपऱ्यात होते, स्टूल आणि बाटली घेऊन. तिच्या पाड्यावर ढाल कुडाच्या भिंतीला बांधली, खिळा बसेना म्हणून. तिच्या घरी जाऊन मी ती पाहिली आणि मला माझी मिळाली तेव्हा झाला त्यापेक्षा कमी आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. पण झाला, आणि बराच झाला.

माझी ढाल तलासरीहून त्या पाचव्या विजयाच्या रात्री घरी आली ती कायमची. सासूबाईंनी कॅलेंडर काढून सरळ चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग असं ठणकत होतं की उठून बसायला भिंत धरावी लागली. ओटीवर आले. ढाल जागेवर होती, पाच पट्ट्यांपैकी चार कोरलेल्या, पाचवी कोरायला द्यायची होती. गोदामातून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. वाटलं, सासरे काट्याचा नट सोडत असतील. दारातून डोकावले, तर नट होता तिथेच होता. ते त्याच काट्यावर खोकं चढवत होते. दांडी स्थिरावली तरी वरून दोन मिरच्या टाकल्या, नेहमीसारख्या.

मी परत वळले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्यांनी मला सूनबाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती. बायकोनं ठेवलेलं नावही त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

मागून हाक आली. पट्टीवरचं नाव. जरा अडखळत, नव्या चपलेत पाय घालावा तसं. मग पुन्हा एकदा, या वेळी मोठ्यानं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

"अगं, दुसऱ्या बाजूनं खोकं धर जरा."

त्या घरात त्या हाकेला ओ द्यायची मला सवयच नव्हती.  मग म्हटलं, "ओ, आले."